तांड्यावरचे वसंतराव नाईक



विदर्भातल्या शाळा नुकत्याच उघडलेल्या असतात आणि लगेच १ जुलै येतो. कृषी दिन. आपण काय करतो? कपाटावरचा वसंतराव नाईकांचा फोटो खाली काढतो, धूळ पुसतो, हार घालतो, चार रोपं लावतो. दोन मुलं भाषण करतात. दोघांचं भाषण जवळपास सारखंच असतं : जन्म १ जुलै १९१३, गाव गहुली, हरितक्रांतीचे जनक, जय हिंद जय महाराष्ट्र. तीन मिनिटांत माणूस संपतो. मीसुद्धा कित्येक वर्षं हेच करत आलो, म्हणून दुसऱ्या कुणाला बोल लावत नाही.

पण मागच्या वर्षी एक गोष्ट घडली. सातवीच्या मुलांना मी दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू लोकांविषयी सांगत होतो. एका बाजूला ड्रॅकेन्सबर्गचे डोंगर, दुसऱ्या बाजूला हिंदी महासागर, मधल्या गवताळ प्रदेशात गुरं पाळणारे लोक. त्यांची घरं गोलाकार मांडलेली, मधोमध गुरांचा गोठा. बायका रंगीत मण्यांचं सुंदर काम करतात, आणि त्या मण्यांच्या रंगांना अर्थ असतो. राजाचे आणि पूर्वजांचे पराक्रम पाठ असलेले कवी असतात, ते खड्या आवाजात ती नावं घेतात. एवढं सांगून झालं तर मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला की सर, हे तर आमच्या तांड्यासारखंच आहे. वर्ग हसला. मी मात्र हसू शकलो नाही, कारण त्याचं बरोबर होतं. गुरं, मणी, आरसे, वंशावळ पाठ असणारे भाट आणि ढाडी, सगळं जुळत होतं.

मग मी विचारलं, की झुलूंचा शाका राजा तुम्हाला आत्ता कळला, तुमच्या तांड्यातला मोठा माणूस कोण? कुणी सेवालाल महाराजांचं नाव घेतलं. ते बरोबरच, पोहरादेवी आपल्याच जिल्ह्यात आहे. पण वसंतराव नाईकांचं नाव कुणीच घेतलं नाही. ज्यांचा फोटो दरवर्षी हार घालून समोर ठेवतो, तो माणूस त्या मुलाच्याच बोलीत लहानाचा मोठा झाला होता, हे त्या मुलाला ठाऊक नव्हतं. चूक त्याची नाही. आपण कधी सांगितलंच नाही.

तर या १ जुलैला वर्गात सांगता येईल असं त्यांचं चरित्र इथे लिहितो आहे. धनजच्या शाळेत बसून लिहितो आहे, त्यामुळे वऱ्हाडाकडे जरा जास्त झुकलं तर समजून घ्या.

वसंतरावांची गोष्ट त्यांच्या जन्मापासून सुरू केली तर अर्धी कळत नाही. आधी बैलांपासून सुरू करावी लागते.

बंजारा हे लोक स्वतःला गोर किंवा गोरमाटी म्हणतात. कुठे लमाण, कुठे लंबाडा, कुठे लमाणी अशी नावं आहेत. लमाण हे नाव लवण म्हणजे मिठावरून आलं असं मानतात, आणि धंदा पाहिला तर ते पटतं. रेल्वे नव्हती, पक्के रस्ते नव्हते, तेव्हा मीठ, धान्य, डाळ एका मुलखातून दुसऱ्या मुलखात न्यायचं ते बैलांच्या पाठीवर. गाडीला जुंपलेले बैल नव्हेत, पाठीवर गोण्या लादलेले बैल. शेकडो, कधी हजारो बैलांचा तो काफिला आणि त्याच्यासोबत चालणारं अख्खं गाव. त्या चालत्या गावाचं नाव तांडा. त्याचा प्रमुख नायक, मदतीला कारभारी. मोगल फौजा दख्खनमध्ये उतरल्या तेव्हा त्यांना धान्य पुरवणारे हेच लोक होते. पुढे इंग्रजांनी मराठ्यांशी लढाया केल्या, तेव्हा त्यांच्याही छावणीत दाणागोटा बंजाऱ्यांच्याच बैलांवरून आला. मुलांना इथे थांबून विचारा : लढाईत सैनिक लढतो हे खरं, पण सैनिक जेवतो कुठून? इतिहासाच्या पुस्तकात या प्रश्नाचं उत्तर क्वचित सापडतं.

मग रेल्वे आली. १८५३ ला मुंबई ते ठाणे, आणि १८६७ पर्यंत रूळ वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तर आपल्या कारंज्यावरून मूर्तिजापूर-यवतमाळ ही छोटी गाडी, आपली शकुंतला, कापूस वाहू लागली. बैल जे महिन्यात नेत ते गाडी एका दिवसात नेऊ लागली. शेकडो वर्षांचा धंदा एका पिढीत बसला. झुलूंचंही काहीसं असंच झालं. १८७९ च्या युद्धात त्यांनी इसांडल्वानाला इंग्रजांचा मोठा पराभव केला, पण त्याच वर्षी शेवटी राज्य गेलं. नंतर गुरांवर रोग आला, झोपडीमागे कर बसला आणि गुरं राखणारे पुरुष खाणींत मजुरीला गेले. तिकडे खाण, इकडे रूळ. दोन्हीकडे गुरांवर जगणाऱ्या माणसाला गुरं सोडावी लागली.

इंग्रजांनी आणखी एक केलं. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आणला. एकेका जमातीचं नाव यादीत घालायचं, आणि मग त्या जमातीत जन्मलेलं मूल जन्मतःच गुन्हेगार. गाव सोडायचं तर परवानगी, ठरलेल्या वेळी हजेरी. बंजाऱ्यांचे काही गट या यादीत घातले गेले. ज्यांचं आयुष्यच फिरण्यात गेलं त्यांना फिरणं हाच गुन्हा झाला. हे मुलांना सांगताना मला जड जातं, कारण वर्गातली काही मुलं त्याच घरांतली असतात. पण टाळू नये असं माझं मत आहे. सौम्य शब्दांत सांगा, पण सांगा.

आता गहुली. यवतमाळ जिल्ह्यात, पुसद तालुक्यात हे गाव आहे. वसंतरावांचे आजोबा चतुरसिंग राठोड यांनी फिरणं थांबवून इथे तांडा वसवला आणि शेती धरली. ते तांड्याचे नायक होते, म्हणून घराण्याला राठोड ऐवजी नाईक हे नाव चिकटलं. ज्या घरात दोन पिढ्यांपूर्वी बैल लादले जात होते, त्या घरात आता नांगर आला. चतुरसिंगांचे पुत्र फुलसिंग. फुलसिंगांच्या पोटी १ जुलै १९१३ ला धाकटा मुलगा झाला, त्याचं नाव हाजुसिंग. हेच पुढचे वसंतराव.

हे नाव बदलणं मला नेहमी थांबवून ठेवतं. हाजुसिंगचा वसंत झाला आणि वसंतचा वसंतराव. कुणाच्या सांगण्यावरून, कोणत्या कारणाने, यावर मी इथे शेरा मारणार नाही. पण तांड्यातून शाळेत येणाऱ्या मुलाचं नाव हजेरीपटावर येता येता थोडं बदलतं, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. कधी आपणच ते सोपं करून लिहितो.

तांड्यात शाळा नव्हती. शिकायचं तर दुसऱ्या गावी जावं लागे. आसपासच्या खेड्यांत मिळेल तसं त्यांचं प्राथमिक शिक्षण झालं. घरी गोरबोली, शाळेत मराठी. ज्यांनी तांड्यावरची मुलं शिकवली आहेत त्यांना हा फरक किती मोठा ते माहीत आहे. गोरबोली राजस्थानीच्या जवळची, तिला स्वतःची लिपी नाही. आईला याडी म्हणतात. भाकरीला बाटी. मी नवीन असताना एका मुलीने रिकाम्या जागेत भाकरीऐवजी बाटी लिहिलं होतं, आणि मी लाल पेनाने काट मारली होती. तिला शब्द येत होता, मला येत नव्हता. गुण मात्र तिचा गेला.

हाजुसिंगच्या वाट्याला असे किती लाल काट आले असतील कोण जाणे. पण तो टिकला. घरची शेती बरी होती आणि शिकवण्याची वडिलांची तयारी होती, हे त्यामागचं साधं कारण. तेव्हा तांड्यातल्या बाकीच्या मुलांकडे ना ती शेती होती ना ती तयारी. पुढे नागपूरला नील सिटी हायस्कूल, मग मॉरिस कॉलेज. १९३८ ला बी.ए., १९४० ला वकिलीची पदवी. तांड्यातला मुलगा पदवीधर होणं हे त्या काळात किती दुर्मिळ होतं ते वेगळं सांगायला नको.

वकिलीची सुरुवात त्यांनी अमरावतीला डॉ. पंजाबराव देशमुखांच्या हाताखाली केली. शेतकऱ्याच्या मुलाने शिकलंच पाहिजे हा ध्यास घेतलेला तो माणूस. श्री शिवाजी शिक्षण संस्था त्यांचीच. त्यांच्याजवळ राहून वसंतरावांनी काय घेतलं असेल हे त्यांच्या पुढच्या कामावरून ओळखता येतं. थोड्याच दिवसांत ते पुसदला आले आणि तिथे स्वतंत्र वकिली सुरू केली.

१९४१ मध्ये त्यांनी लग्न केलं. मुलगी नागपूरच्या ब्राह्मण घरातली, वत्सलाबाई घाटे. आज असं लग्न झालं तरी गावात चार दिवस चर्चा चालते. तेव्हा दोन्ही बाजूंनी वादळ उठलं. तिकडे ब्राह्मण समाज नाराज, इकडे तांडा नाराज. तांड्याचे आपले नियम असतात, आपली पंचायत असते, त्यात बाहेरचं लग्न ही लहान गोष्ट नव्हती. आजोबांनी वसवलेल्या तांड्यातच नातवाकडे वाकड्या नजरेने पाहिलं गेलं. वसंतराव आणि वत्सलाबाईंनी मात्र संसार केला, आणि पुढे वत्सलाबाई तांड्यातल्या बायकांमध्ये मिसळून काम करताना लोकांनी पाहिल्या. आपल्या भाषणांमध्ये वत्सलाबाईंचा उल्लेख एका ओळीत आटोपतो. मुलींना त्यांच्याविषयी जास्त सांगावं असं वाटतं. नागपूर शहरातून तांड्याच्या सुनेपर्यंतचा त्यांचा प्रवासही लहान नव्हता.

१९४६ ला वसंतराव पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत आमदार. तेव्हा आपला विदर्भ मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपूर होती, हे मुलांना नकाशा काढून दाखवा, त्यांना फार गंमत वाटते. त्या सरकारात ते महसूल खात्याचे उपमंत्री झाले. त्याच वर्षी, ३१ ऑगस्ट १९५२ ला, गुन्हेगार जमातींचा तो कायदा रद्द झाला. ज्या समाजातल्या काही लोकांना कालपर्यंत हजेरी द्यावी लागत होती, त्या समाजाचा मुलगा त्याच वर्षी सरकारात बसला होता. या दोन तारखा फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. समजावून सांगायची गरज पडत नाही, मुलं आपणच गप्प होतात.

१९५६ ला विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, वसंतराव मुंबईला मंत्री म्हणून गेले. आधी सहकार, मग कृषी. राहायला मलबार हिलवर बंगला मिळाला, त्याचं नाव इंग्रजी होतं. वसंतरावांनी ते बदलून वर्षा ठेवलं. वऱ्हाडातल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरातला माणूस बंगल्याला दुसरं कोणतं नाव देणार? पुढे मुख्यमंत्री झाल्यावरही ते त्याच बंगल्यात राहिले, आणि तेव्हापासून वर्षा म्हणजे मुख्यमंत्र्यांचं घर असं समीकरण झालं. टीव्हीवर रोज ऐकू येणाऱ्या या नावामागे एक गहुलीचा माणूस आहे हे सांगितलं की मुलांचे डोळे मोठे होतात.

आता शिक्षक मित्रांनो, तुमच्या-माझ्या पोटाशी संबंधित गोष्ट. महाराष्ट्र राज्य झालं त्याच वर्षी, १९६० ला, सत्ता खाली कशी न्यायची हे ठरवायला एक समिती नेमली. वसंतराव तेव्हा महसूल मंत्री होते, तेच समितीचे अध्यक्ष. त्याआधी दिल्लीला बलवंतराय मेहता समितीने सगळा भर तालुक्याच्या, म्हणजे गटाच्या पातळीवर द्यावा असं सुचवलं होतं. नाईक समितीने विचार केला आणि म्हटलं की आपल्याकडे जिल्हा हाच मुख्य घटक असावा, कारण योजना आखायला, माणसं नेमायला, पैसा वापरायला तालुका अपुरा पडतो. १९६१ मध्ये कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या. आपल्या विदर्भातल्या जनपद सभा गेल्या. प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेकडे आल्या.

म्हणजे तुम्ही ज्या शाळेत शिकवता, तुमचं मूल ज्या शाळेत शिकतं, तिच्या पाटीवर जिल्हा परिषद लिहिलेलं असतं ते या समितीमुळे. तांड्यात शाळा नव्हती म्हणून ज्या मुलाला दुसऱ्या गावी जावं लागलं, त्यानेच पुढे गावोगावच्या शाळा ज्यांच्या ताब्यात असतात त्या संस्थेचा आराखडा केला. या जिल्हा परिषदांनी पुढे वस्त्यांवर, तांड्यांवर एकेका शिक्षकाच्या शाळा काढल्या. मी स्वतः नोकरीच्या सुरुवातीला अशाच एका शाळेत होतो. एकच खोली, चार वर्ग. पावसाळ्यात नाला भरला की मी या काठावर आणि मुलं त्या काठावर.

१९६२ ला यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले, त्यांच्या जागी मारोतराव कन्नमवार आले. वर्षभरात त्यांचं निधन झालं. ५ डिसेंबर १९६३ ला वसंतराव मुख्यमंत्री झाले आणि २० फेब्रुवारी १९७५ पर्यंत राहिले. अकरा वर्षांहून जास्त. सलग इतका काळ महाराष्ट्रात दुसरा कुणी मुख्यमंत्री राहिलेला नाही. हातात पाइप, नीटनेटके कपडे, शांत बोलणं, अशी त्यांची छबी जुन्या लोकांच्या डोळ्यांपुढे आहे.

ते आले तेव्हा पोटाचा प्रश्न मोठा होता. पाऊस दगा देत होता, अमेरिकेची लाल ज्वारी जहाजातून उतरायची आणि रेशनवर मिळायची. आमच्या घरातली जुनी माणसं त्या लाल ज्वारीचं नाव काढलं की अजून तोंड वाकडं करतात. वसंतरावांनी जाहीर केलं की दोन वर्षांत महाराष्ट्र अन्नधान्यात स्वयंपूर्ण करू, नाही तर मला फासावर चढवा. पुण्याच्या सभेतला हा शब्द लोक अजून सांगतात. मुख्यमंत्र्याने असं बोलावं का, यावर वाद होऊ शकतो. मला विचाराल तर जरा जास्तच बोलले. पण बोलून ते बसले नाहीत. संकरित ज्वारी १९६४ ला आली होती, तिचं बियाणं गावोगाव पोचवलं. विहिरी, पंप, खत, कर्ज यांवर जोर दिला. स्वतः शेतात जाऊन पीक पाहणारा मुख्यमंत्री होता. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली ही चारही कृषी विद्यापीठं १९६८ ते १९७२ या काळात उभी राहिली. अकोल्याच्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे ते पंजाबराव म्हणजे वसंतरावांना वकिलीत उभं करणारे वरिष्ठ, हे आठवतंय ना?

संकरित ज्वारीने उत्पन्न वाढवलं, यात शंका नाही. पण तिची भाकरी गावरान ज्वारीसारखी लागत नाही अशी तक्रारही तेव्हापासूनची आहे, आणि कडबा आखूड म्हणून बैलांचे हाल झाले हेही खरं. वऱ्हाडी शेतकरी हिशेबात चव आणि कडबा दोन्ही धरतो.

मग १९७२ चा दुष्काळ आला. दोन वर्षं आधीपासून पाऊस कमी होता, त्या वर्षी अगदीच पाठ फिरवली. स्वयंपूर्णतेचं वचन कोरड्या विहिरीत पडलं. इथे वसंतरावांची खरी परीक्षा झाली असं मी मानतो. फुकट धान्य वाटण्याऐवजी, हाताला काम आणि कामाला दाम असा रस्ता सरकारने धरला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ही कल्पना आधीच सांगलीकडे करून पाहिली होती. आता ती राज्यभर आली. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, खडी फोडणं. दुष्काळ टोकाला गेला तेव्हा सुमारे ५० लाख माणसं या कामांवर होती, त्यात बाया फार मोठ्या संख्येने. कामावर सुकडी मिळायची. त्या पिढीतल्या कुणालाही विचारा, सुकडीची चव सांगतात. पालकहो, तुमच्या घरात आजी-आजोबा असतील तर हा भाग मी सांगण्यापेक्षा त्यांच्याकडून मुलांना ऐकू द्या.

त्या दुष्काळात लोकांचे अतोनात हाल झाले, गुरं गेली, पण उपासमारीने गावंच्या गावं ओस पडली नाहीत. रोजगार हमीचा कायदा पुढे १९७७ ला झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. २००५ मध्ये देशभराचा कायदा झाला, त्याची मुळं इथे आहेत.

आपल्या कापसासाठी त्यांच्याच काळात एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली, १९७२ मध्ये. व्यापाऱ्याने पाडलेल्या भावातून शेतकऱ्याला वाचवावं हा हेतू. पुढे चुकारे रखडले, तोटा वाढला आणि ती योजना मोडकळीला आली, पण ते नंतरचं.

सगळं गोडच लिहिलं तर तुम्ही म्हणाल सर भाटगिरी करतात. तर हेही सांगतो. विदर्भाचा माणूस अकरा वर्षं मुख्यमंत्री असून विदर्भाचा सिंचनाचा अनुशेष राहिलाच, ही तक्रार जुनी आहे आणि पोकळ नाही. मुंबईतल्या कामगार संघटनांचं बळ मोडण्यासाठी नव्या शिवसेनेकडे त्यांनी कानाडोळा केला असा आरोप विरोधक करत, तिला वसंतसेना म्हणून चिडवत. आठवी-नववीच्या मुलांना हे सांगायला हरकत नाही. त्यांना नुसता हार घातलेला फोटो नको असतो.

आणि आपला तांडा? मुख्यमंत्री झालेल्या माणसाने आपल्या लोकांसाठी काय केलं, हा प्रश्न मागच्या बाकावरच्या त्या मुलाने मला नंतर विचारला. बंजारा समाजाच्या संघटनेत वसंतरावांनी पुढाकार घेतला होता. ते तांड्यावर जात, दारू सोडा, मुलं शाळेत घाला, शेती धरा असं सांगत. महाराष्ट्रात बंजारा विमुक्त जातींच्या यादीत आले, त्यातून आश्रमशाळा, शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. आणखी एक गोष्ट इथे मुलांना नकाशावर दाखवण्यासारखी आहे. हेच लोक तेलंगणात अनुसूचित जमातीत आहेत, कर्नाटकात अनुसूचित जातीत, आणि महाराष्ट्रात विमुक्त जातीत. बोली एक, सण एक, सेवालाल महाराज एक, याद्या तीन. राज्यांच्या सीमा आखल्या गेल्या तेव्हा तांडे त्या रेषांच्या दोन्ही बाजूंना होते. बायको सीमेपलीकडची असेल तर एकाच घरात दोन प्रकारचे दाखले निघतात.

या लोकांची संस्कृती वर्गात आणायची तर पुस्तक पुरत नाही, सण पुरतात. श्रावणात तीज येते. तांड्यातल्या लग्न न झालेल्या मुली टोपलीत गहू पेरतात, नऊ दिवस पाणी घालतात, गाणी म्हणतात आणि मग ते हिरवे कोंब वाटून विसर्जन करतात. अंकुरणाचा प्रयोग विज्ञानात आहे ना? मग तीजच्या दिवसांतच घ्या. दिवाळीच्या अमावस्येला मुली हातात दिवे घेऊन घरोघरी जातात, त्याला मेरा म्हणतात. होळीला लेंगी गातात, नंगारा वाजतो. लग्नात मुलगी सासरी जाताना रडत रडत गाते, तो ढावलो. फेट्या आणि कांचळीवरचं आरशांचं, कवड्यांचं भरतकाम तर आता शहरात महाग विकलं जातं, आणि ज्या आजीने ते आयुष्यभर अंगावर घातलं तिची नात शाळेत तो पोशाख घालायला लाजते. गेल्या वर्षी स्नेहसंमेलनात मी एका मुलीला आजीची कांचळी घालून यायला सांगितलं. दोन दिवस तिने उत्तरच दिलं नाही. तिसऱ्या दिवशी आजीच शाळेत आली, पिशवीत सगळा पोशाख घेऊन, आणि तो नीट कसा घालतात हे तिने आमच्या मॅडमना दाखवलं.

१९७५ ला मुख्यमंत्रिपद गेल्यावर वसंतराव शांतपणे बाजूला झाले. १९७७ च्या निवडणुकीत देशभर काँग्रेसचं पानिपत होत असताना ते लोकसभेवर निवडून आले, आणि कुठून? आपल्या वाशिममधून. म्हणजे आपल्या भागाचे ते खासदार होते. हे आमच्याच शाळेत कुणाला माहीत नव्हतं, मीही उशिरा वाचलं. १८ ऑगस्ट १९७९ ला सिंगापूरला त्यांचं निधन झालं. वय ६६. बैलांमागे चालत देश पालथा घालणाऱ्या लोकांचा नातू इतक्या लांब जाऊन थांबला. पुढे त्यांचे पुतणे सुधाकरराव १९९१ मध्ये मुख्यमंत्री झाले. परभणीच्या कृषी विद्यापीठाला आता वसंतरावांचं नाव आहे. आणि अकोल्यातून वेगळा होऊन आपला वाशिम जिल्हा जन्माला आला तोही १ जुलैलाच, १९९८ साली.

या वर्षी आमच्याकडे भाषण वेगळं करायचं ठरलंय. मागच्या बाकावरचा तो मुलगा आता आठवीत आहे. तो वसंतरावांविषयी पहिली पाच वाक्यं गोरबोलीत बोलणार आहे, मग तीच मराठीत. लिहून मीच देणार होतो, पण मला ती बोली येत नाही, म्हणून त्याने याडीकडून लिहून घेतली. याडीला लिहिता येत नाही. तिने सांगितलं आणि त्याने देवनागरीत उतरवलं. वही माझ्याकडे तपासायला आली आहे. त्यात बाटी हा शब्द दोनदा आलाय. दिवाळीनंतर हे कुटुंब ऊसतोडीला जातं, तेव्हा मुलाला आजीजवळ ठेवता येईल का, याविषयी त्याच्या वडिलांशी या आठवड्यात बोलायचं आहे.